ऑपेरात झील धरली तेव्हा

माझ्या बाबांचा गाण्याचा एकच नियम आहे : गायकानं टाकलेली ओळ खाली पडू द्यायची नाही. कोराडीला आमच्या वस्तीतल्या विहारात भीमगीतांचा कार्यक्रम असला, की मुख्य गायक ओळ म्हणतो आणि मागे बसलेले आम्ही ती तशीच उचलून परत म्हणतो. याला झील धरणं म्हणतात. मी लहानपणापासून बाबांच्या शेजारी बसून झील धरत आले आहे.

त्यामुळे कॉलेजच्या फलकावर 'संगीत महोत्सवात ऑपेरा, कोरससाठी गाणारे हवेत' असं वाचलं तेव्हा मला त्यातला कोरस हा एकच शब्द आपला वाटला. ऑपेरा म्हणजे काय, हे विचारायचं कुणाला? घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. शेवटी न विचारताच गेले. वादकांना नि कोरसला समोर उभं राहून हातानं इशारे देणारे कंडक्टर सर गोव्याहून आले होते. त्यांनी मला एक सूर चढवत चढवत न्यायला सांगितला आणि मधेच हात वर करून म्हणाले, "बस, बस! खिडक्यांच्या काचा कॉलेजच्या आहेत." मला घेतलं.

ऑपेरा म्हणजे गाण्यात सांगितलेलं नाटक, हे तिथं कळलं. आमच्या नाटकात नायिका समुद्राकाठी नवऱ्याची वाट पाहते आणि आम्ही गावकरी. शब्द इटालियन होते, ते मी देवनागरीत लिहून घेतले. माझ्या शेजारी धंतोलीतल्या एका दवाखान्यातल्या सिस्टर उभ्या राहायच्या. त्या चर्चमध्ये गातात. त्यांनी मला चाल शिकवली.

पहिल्या एकत्र तालमीत पियानो वाजला, नायिकेनं पहिली ओळ गायली, ओळ संपली. आणि मी ती उचलली. अगदी मोकळ्या आवाजात, एकटीनं.

सगळी रांग माझ्याकडे वळली. सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "अवं, आपली पाळी पानभर पुढे आहे!"

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा मी ओठ घट्ट मिटले, तरी घशातून हुंकार निघालाच. सरांनी मला बाजूला बोलावलं. रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"तुझा आवाज मला हवाय," ते म्हणाले. "पण कोरसमध्ये एकाचाही आवाज वेगळा कळता कामा नये. कार्यक्रमात असं झालं तर नायिकेचं गाणं मोडेल. रंगीत तालमीपर्यंत जमलं नाही, तर तुला कोरसमध्ये ठेवता येणार नाही."

घरी सांगितलं तर बाबा नायिकेचीच बाजू घेऊन बसले. "ते बाई एकटी गाऊन राहिली अन् तुम्ही एवढे जण नुसते उभे? काहून वं?"

"बाबा, तिथं तसंच असते."

"मंग तिची ओळ कोण उचलते?"

खरं तर माझीही अडचण तीच होती. नायिका एवढा जीव ओतून गायची आणि मी गप्प उभी राहायचे, हा तिचा अपमान वाटायचा. रंगीत तालमीच्या दिवशी भीत भीत मी सरांना तसंच सांगितलं. त्याच दिवशी बाहेरगावचे वादक आले होते. सर म्हणाले, "आज पियानो नाही. तू तिच्याकडे पाहू नकोस. व्हायोलिन ऐक."

तिनं ओळ गायली. ती संपता संपता व्हायोलिननं तीच ओळ हळूच उचलली आणि पुढे नेली. मग दुसरी ओळ, मग तिसरी. मी ऐकतच राहिले. झील धरणारे होते की! फक्त ते रंगमंचाच्या खाली, पुढ्यात बसले होते. मला एवढं हसू आलं, की सिस्टरांनी कोपरानं ढोसलं. मग सरांच्या हातातली इशाऱ्याची काडी आमच्याकडे वळली, आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि मी बरोबर जागी गायले. सरांनी काडी न थांबवता माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी राहिले.

कार्यक्रमाला आई-बाबा आले. आईनं लग्नातली साडी नेसली होती. सर लोकांकडे पाठ करून उभे राहिले, तेव्हा पहिल्या रांगांत मला आईचा चेहरा दिसला. तिला ते मुळीच पटलं नव्हतं. नायिकेनं गायला सुरुवात केली आणि मी थांबले. थांबायला एवढा आनंद होतो, हे मला माहीत नव्हतं. ओळीमागून ओळ वर उचलली जात होती आणि आपली पाळी येणार आहे, हे अंगभर जाणवत होतं. ती आली तेव्हा शेजारच्या सिस्टरांचा आवाज कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, ते मला कळेना.

बाहेर आल्यावर आई जरा हिरमुसली होती. "तुले पाहिलं मी. पण तुझा आवाज काही वेगळा आला नाही वं."

"खरंच नाही आला?" मी विचारलं.

"नाही ना!"

मी तिथंच, हॉलच्या पायऱ्यांवर, सगळ्या लोकांसमोर आईला मिठी मारली.