गुणवंतांच्या फळ्यावरची कोरी ओळ

"चढ ना. तुझा हात चांगला आहे. जयंतीचे बॅनर दर वर्षी तूच रंगवतोस. त्यामानानं हा बोर्ड म्हणजे काय?"

श्रीकांत म्हणाला. कॉलेजच्या सभागृहात, माझ्याच बीएच्या मुलांसमोर. प्रिन्सिपल हसले. मग मुलंही हसली. साहेब हसले की हसायचं असतं, हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

मी शिडी चढलो.

श्रीकांत माझा वर्गमित्र. आम्ही दोघं याच कॉलेजात शिकलो. तो इथं कायम प्राध्यापक झाला, मी इतिहासाचा अतिथी व्याख्याता. बारा वर्षं अतिथी. दर जूनला मला नव्यानं नेमतात. इतका लांबलेला पाहुणा अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नसावा.

कॉलेज ऐतिहासिक आहे. निजामाच्या काळातली दगडी इमारत. दारावर उर्दूत कोरलेली एक ओळ आहे. ती स्टाफमध्ये कोणालाच वाचता येत नाही आणि तिच्यासमोर सगळे फोटो काढतात. यंदा अमृतमहोत्सवी वर्ष. जूनमध्ये समित्या झाल्या. ऑगस्टमध्ये समित्यांवर लक्ष ठेवणारी समिती झाली. दिवाळीनंतर भिंतींना रंग लागला. जानेवारीत कुणाला तरी दिसलं की गुणवंतांचा फळा काळा पडलाय. दर वर्षी बीएला पहिल्या आलेल्याचं नाव त्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत लिहितात. नावं कागदावर उतरवून घेतली, फळा घासून कोरा केला. पेंटर काही मिळेना. गावात आता सगळे फ्लेक्सवाले. म्हणून मी.

त्या कागदावरची एक ओळ मला पाठ होती. आमच्या वर्षाची.

पद्धत अशी होती की नाव फेब्रुवारीच्या संमेलनाआधी रंगवायचं. विद्यापीठाचा निकाल नंतर, उन्हाळ्यात. त्यामुळे पहिला कोण येणार ते गुरुजन अंदाजानं ठरवत. आमच्या वर्षी अंदाज श्रीकांतच्या नावाचा. त्याच्या आजोबांचा फोटो फळ्याच्याच भिंतीवर आहे, तेव्हा अंदाज बांधायला फार त्रास झाला नसेल. निकाल लागला. मी पहिला, तो दुसरा. मी मार्कांचा मेमो घेऊन गेलो. तेव्हाचे प्रिन्सिपल म्हणाले, "पेंट वाळला आता."

मी "बरं सर" म्हणालो. त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

त्याच आठवड्यात गावाहून, मावल्याहून, माय आली. लोकांच्या शेतात कापूस वेचणारी. पोरगा पहिला आला म्हणजे नाव लागलंच असणार, असं तिला वाटलं. ती नवं लुगडं नेसून फळ्यासमोर उभी राहिली.

"यातलं तुह्यं कोणतं हाय?"

तिला वाचता येत नाही. मी शेवटच्या ओळीकडं बोट केलं. "हे."

तिनं श्रीकांतच्या नावाला हात जोडले. म्हणाली, "लय चमकून राह्यलं रे."

तेव्हापासून मी श्रीकांतवर जळतो. उगाच मोठेपणा कशाला सांगू? समतेचा धडा मी वर्गात उत्तम शिकवतो आणि स्टाफरूममध्ये त्याच्या खुर्चीवरच्या टॉवेलचा हेवा करतो. हजेरीपटात त्याचं नाव छापील आहे, माझं पेन्सिलीनं. त्याचाही मला हेवा वाटतो. पण सर्वांत जास्त हेवा त्या जोडलेल्या हातांचा. ते माझे होते.

शिडीवर मी एकेक वर्ष लिहीत खाली येत होतो. आमचं वर्ष आलं. ब्रश बुडवला. थांबलो.

शिपाई रामुलूनं शिडी धरली होती. "क्या हुआ सार?"

मी उतरलो. श्रीकांतला म्हणालो, "ही ओळ मी लिहिणार नाही."

"काऊन?"

"कागदावरचं नाव चुकीचं आहे. निकालाचं रजिस्टर काढा, पाहू, मग लिहू. पेंट अजून लागला नाही."

त्याला सगळं माहीत होतं. आजवर दोघांनीही त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

"इतक्या वर्षांनी? जळतोस काय बे माझ्यावर?"

"हो. जळून राह्यलो. मी जळल्यानं तुझे मार्क वाढत नाहीत."

मुलांपैकी कुणी हसलं नाही. साहेब हसले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मास्टर, जून में रिन्यूअल है ना आपका?"

"है सर."

दुसऱ्या दिवशी मी मेमोची झेरॉक्स जोडून अर्ज दिला. क्लार्क घेईना. म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." मी म्हणालो, "तोवर इथं बसतो." दुपारी त्यानं आवक शिक्का मारला.

महोत्सव झाला. मंत्र्यांनी फळ्याचं अनावरण केलं. कोऱ्या ओळीवर झेंडूचा जाड हार सोडला होता. हार नेमका तिथंच का, हे कुणी विचारलं नाही. ऐतिहासिक संस्थेत इतिहास झाकायला फुलं पुरतात.

हार आता वाळलाय. ओळ कोरी आहे. ब्रश माझ्या कपाटात आहे आणि सभागृहाची किल्ली रामुलूकडे. मागितली तर तो देईलही. मी मागणार नाही. माझं नाव मी चोरून लिहिणार नाही. ज्या ऑफिसनं चुकीचं नाव लिहिलं, त्याच ऑफिसच्या सहीशिक्क्यानं बरोबर नाव लिहायला लावणार. इथं झालं नाही तर विद्यापीठात, तिथं नाही तर कोर्टात. जूनमध्ये नेमणूक आली तरी, नाही आली तरी.

मायला परवा सगळं सांगितलं. ते नाव माझं नव्हतं, हेही. ती म्हणाली, "म्या कोनाच्या पाया पडली रे?"

याचं उत्तर मला ऑफिसकडून लेखी हवं आहे.