‘येऊन राह्यला’ म्हणजे काय, ते कळायला मी कुरखेड्याला गेलो

झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पार पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात, कधी जावं, असं मला कुणी विचारलं की मी डोळे झाकून सांगतो, दिवाळी झाली की लगेच. धान पिवळं पडलेलं असतं, थंडी नुकती सुरू झालेली असते आणि गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र यातलं काहीही बघायला गेलो नव्हतो. मी एका माणसाला धरून आणायला गेलो होतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा सांगलीचा. बारावीला मार्क बरे पडले आणि चंद्रपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. घरच्यांनी नकाशा काढून चंद्रपूर शोधलं आणि आई रडायलाच लागली. हॉस्टेलवर माझा रूममेट होता देवानंद, कुरखेड्याजवळच्या एका खेड्यातला. त्यांच्या गावातून सरकारी इंजिनिअरिंगला आलेला तो पहिलाच. माझ्याशी तो अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचा, जपून जपून. वर्कशॉपमध्ये आम्ही जोडीदार होतो. एकाच व्हाइसवर लोखंड घासायचो, एकाच ड्राफ्टरवर शीट काढायचो. त्या परमुलखात माझं म्हणावं असं माणूस तो एकटाच होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी गणिताच्या टेस्टमध्ये तो पार झोपला. ड्रॉइंगची शीट तीनदा परत आली. तास सगळे इंग्रजीतून, पोरगं खाली मान घालून बसायचं. मग दिवाळी झाली, कॉलेज उघडलं आणि देवानंद काही आला नाही. सोमवारी सबमिशन होतं. शीट आणि वर्कशॉपचा जॉब, म्हणजे घासून तयार केलेला लोखंडी तुकडा, दिला नाही तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे वर्ष गेलंच.

शनिवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून त्याच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. पलीकडे दुकानदार भाऊ.

“देवानंद आहे का हो?”

“देवानंद? येऊन राह्यला ना तो!” आणि लाइन कट.

आता तुम्ही नागपूरकडचे असाल तर एव्हाना हसायला लागला असाल. मी सांगलीचा! माझ्या कानाला ऐकू आलं, तो गावी येऊन राहिला. कायमचा. बोंबला! 

माझ्याच वर्गातला सलीम चंद्रपूरचा, त्याच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान. हॉस्टेलवर निरोप द्यायला त्याला सांगितलं. “रेक्टरना सांग, मी देवानंदला आणायला चाललोय.”

“अबे, इतक्या दूर? एकटा? पागल झाला का बे?” सलीम म्हणाला, पण स्टँडवर सोडायलाही तोच आला, सायकलवर डबलसीट.

रस्त्याचं सांगतो, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. चंद्रपूरहून कुरखेड्याला दोन वाटांनी जाता येतं. एक मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा अशी. दुसरी मूलवरूनच गडचिरोली, आरमोरी, वडसा अशी. मला समोर गडचिरोलीची गाडी दिसली, मी त्यात उडी मारली. मूलपर्यंत दोन्ही बाजूंनी नुसतं जंगल. चंद्रपूरचा कोळशाचा धुरळा मागं पडला आणि छातीत गार हवा गेली तेव्हा लक्षात आलं, आपण कितीतरी दिवस नीट श्वासच घेतला नव्हता. पुढं वैनगंगेचा पूल लागतो. आमच्या कृष्णेचा मला मोठा गर्व, पण ते पात्र बघून मी गुपचूप बसलो.

गडचिरोलीच्या स्टँडवर आलुबोंडा खा. आमच्याकडचा बटाटेवडाच तो, पण वर तर्री ओततात आणि कानातून वाफा निघतात. शेजारच्या बाईंनी मला डोळे पुसताना पाहिलं आणि न मागता स्वतःकडचं सीताफळ दिलं. “खा बापा, पहिल्यांदा आला दिसते,” म्हणाल्या.

कुरखेड्यापासून देवानंदच्या गावापर्यंत काळीपिवळी जीप. आत जागा नव्हती, मी मागं लटकलो. दोन्हीकडं धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, काही कापलेल्या, काही उभ्या, आणि सगळ्या शिवाराला नव्या तांदळाचा वास. मन एवढं जड नसतं तर मी गाणंच म्हटलं असतं.

नेमकी त्या दिवशी गावाची मंडई होती. घरोघरी पाहुणे, रस्त्यावर जिलेबी, बांगड्या, ऊस. मी थेट किराणा दुकान गाठलं आणि देवानंदचं घर विचारलं.

“सकाळी फोन तूच केल्ता का?” दुकानदार भाऊ डोळे बारीक करून म्हणाले. “मी सांगतलं ना तुले, तो येऊन राह्यला म्हणून!”

“हो, म्हणूनच तर आलो!”

“अरे बापा! तो तिकडं येऊन राह्यला! सकाळच्याच गाडीनं गेला ना, ब्रह्मपुरीकडून!”

दुकानाशी उभी असलेली सगळी मंडळी पोट धरून हसायला लागली. मीही हसलो. तिकडं ‘येऊन राह्यला’ म्हणजे ‘येतोय’, आणि मी एवढ्या लांब येऊन मराठीत नापास झालो होतो! वर आनंद हा, की गडी आपणहून कॉलेजला गेला. आता झकास मंडई बघायची आणि सकाळी परतायचं.

तो आनंद त्याच्या घराच्या अंगणापर्यंत टिकला. त्याची आई धोप्याच्या, म्हणजे आपल्या अळूच्या, पानाच्या वड्या तळत होती. मी ओळख सांगितली. काकूंनी आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग खाली बघत म्हणाल्या, “तो तं पेटी आणाले गेला, बाबू. म्हणते, कालेजात माह्यं काई जमत नाई. घरी धान कापाले मानूस नाई, मी इथीच राहतो.”

 म्हणजे मी त्याला आणायला इकडं आणि तो सामान न्यायला तिकडं! पेटी उचलून सकाळच्या गाडीनं तो निघाला, की संपलं. आणि आता इथून परतीची गाडी थेट सकाळीच.

त्याचे वडील शेतातून आले, खांद्यावर विळा. मी त्यांच्यापुढं सगळं भडाभडा ओकलो. टेस्ट, मार्क, परत आलेल्या शीटा, सोमवारचं सबमिशन. हेही सांगितलं की पहिल्या वर्षी निम्मा वर्ग असाच आपटतो, मीही गणितात कसाबसा तरलोय आणि फायलिंगमध्ये, म्हणजे कानस घासण्यात, देवानंदचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरळ चालतो. शेवटी म्हणालो, “काका, तो गेला तर मी तिथं एकटा पडेन.” 

त्यांनी विळ्याची धार अंगठ्यानं बघितली.

“धान कापाले मानूस नाई म्हनते का तो?” मग म्हणाले. “आमी का मेलो? धान आमी कापतो. त्याले म्हना, तू तिथंच राय. मार्क कमी भेटले तं भेटले. पुढच्या खेपेस जास्त भेटतीन.”

जेवण कसलं, मेजवानी होती. नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, त्या वड्या. काकू वाढतच होत्या आणि मी नको म्हणायला विसरत होतो. अंगणात गोवाऱ्यांचा, म्हणजे गुराख्यांचा, नाच आला, ढोल वाजला, कुणीतरी मलाही ओढलं आणि मी नाचलो. काळजी होती, पण खोटं कशाला बोलू, मजाही आली.

सकाळी काकूंनी वड्यांचा डबा बांधून दिला. या वेळी मी ब्रह्मपुरीवरून आलो. ही वाट जवळची वाटते. वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खिडक्यांत मी वेड्यासारखा देवानंदला शोधत होतो.

रूमचं दार उघडंच होतं. वळकटी सुतळीनं बांधलेली, पेटीला कुलूप, आणि देवानंद पेटीवर बसलेला.

“गेला नाहीस?” मी दारातूनच विचारलं.

तो चिडून उठला. “कसा जाऊ? सलीमनं सांगतलं, तू माह्या घरी गेला. पाहुना माह्या घरी अन् मी गाडीत? रस्त्यात चुकामूक झाली असती तं? तू येईस्तोवर थांबनंच होतं मले!” इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो माझ्याशी पुस्तकाबाहेरचं बोलत होता.

मी डबा उघडून पुढं ठेवला आणि त्याच्या बाबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मार्क सांगितल्याचंही सांगितलं. त्यानं डब्यातली एक वडी उचलली.

“बाबा रागावले नाई?”

“नाही. म्हणाले, पुढच्या खेपेस जास्त भेटतीन.”

त्यानं तोंड फिरवलं, बाहीनं डोळे पुसले. मग दोघांनी मिळून डबा फस्त केला. वळकटीची सुतळी सोडली, खाली बल्ब आणि वर काच ठेवली आणि माझ्या शीटवर त्याची शीट लावून रीतसर जीटी, म्हणजे काचेवरून नक्कल, मारली. सोमवारी दोघांचं सबमिशन झालं. त्या टर्मला गणितात आम्ही दोघंही काठावर पास झालो.

आता मी पुण्यात आहे, तो नागपूरला. पुढं मी भामरागडपर्यंत भटकलो, पण हा पहिला प्रवास काही वेगळाच होता. ज्याला भेटायला गेलो तो भेटला नाही, आणि एक अख्खं घर मात्र माझं झालं. अजून कुरखेड्याचा तांदूळ दरवर्षी आमच्याकडे येतो, आणि कुकरची शिट्टी झाली की माझी सांगलीची आईसुद्धा म्हणते, वास बघ.

हे लिहिलेलं काल देवानंदला फोनवर वाचून दाखवलं. म्हटलं, “खरं सांग, मी तुझ्या घरी गेलो नसतो तर तू खरंच कॉलेज सोडून गेला असतास?”

“गेलोच होतो बे,” तो म्हणाला. “तू रूमवर नव्हता म्हनून राह्यलो.”