कॉम्प्युटरने घेतलेलं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी झालं ते लिहिते... हसायचं तर हसा.

भद्रावतीला आम्ही दोघीच राहतो, मी आणि नात प्राची. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, लाकूडतोडीच्या कामाला एटापल्लीकडे गेला तो परतलाच नाही. प्राची तेव्हा पोटात होती. सून पुढे आजाराने गेली. नातेवाईक म्हणत, त्याचा फोटो भिंतीवर लावा. आमच्याकडे भिंतीवर गेलेल्या माणसाचाच फोटो लागतो. मी तो पेटीत ठेवला होता.

प्राची कॉलेजात पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकते. त्या दुपारी सरावासाठी तिने आमचंच घर लिहिलं — एक क्लास, म्हणजे साचा, घर नावाचा; त्याच्या आत दुसरा, माणूस नावाचा. पण एरर येत होती.

"काय म्हणून राह्यलं ते?"

"मी घराले नाव विचारून राह्यली, आजी. नाव घराजवळ नाई, आतल्या माणसाजवळ आहे. त्याच्यापर्यंत जाऊन विचारा लागते."

"एवढं तं मलेही समजते. याच्यासाठी कालेजात जा लागते का?"

ती हसली, दुरुस्त केलं. पुन्हा एरर. या वेळी ती वाचता वाचता थांबली.

"म्हणते, माणसात गेंदू नाई... आजी, गेंदू कोण?"

मी लाखोळीची डाळ निवडत होते. सूप खाली ठेवलं. गेंदू म्हणजे तिचा बाप. लहानपणी न्हाऊ घालताना मी म्हणायचे, शाळेत गेल्यावर सोडलं. ते नाव ऐकलेलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. प्राचीला मी कधीच सांगितलं नव्हतं.

तिने सगळा प्रोग्राम शोधला. गेंदू कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"तुहा बाप आहे तो," मी म्हटलं. "टाक त्याले आत."

तिने माणसात गेंदू टाकला, पुढे बापाचं नाव लिहिलं. एरर गेली. खाली नावं आली — माझं, तिचं, आणि तिसरी ओळ कोरी.

"मी तं नाव लिहिलं होतं, आजी..."

"राहू दे. हातोडी आण."

खिळा मीच ठोकला. पेटीतला त्याचा फोटो भिंतीवर लावला.

तिचे सर म्हणतात, ते नाव जुन्या कुठल्या फाईलमध्ये राहिलं असेल. असेल. पण तिथे ते घातलं कोणी, हे त्यांनाही सांगता येत नाही, मलाही नाही. लॅपटॉप त्या फोटोखालीच असतो. त्याने परत कधी गेंदूचं नाव घेतलं नाही. मी वाट पाहिली.