लग्नाचं डुक्कर आणि पेनिसिलिनचा कोर्स

"मॅडम, हाय पॉवरचा इंजेक्शन मारा. रविवारी झीलाचा लगीन आसा," इनास म्हणाला.

मी अजून बॅगही उघडली नव्हती. मालवण तालुक्यात मी सरकारी पशुवैद्यक आहे. इनासच्या घरामागच्या खोपटात डुक्कर आडवं पडलं होतं. मुलाच्या लग्नात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण, करायला त्याने ते पोसलं होतं. कालपासून डुकराने पेजेला तोंड लावलं नव्हतं.

"काही औषध दिलंत?"

"काय नाय."

"कित्याक खोटा सांगतास?" त्याची बायको रोझीन म्हणाली. "पेद्रूभावोजींनी केळ्यात घालून कॅप्सुली दिल्यानी."

पेद्रू हा इनासचा थोरला भाऊ. जहाजाच्या किचनमधून रिटायर झालेला. औषधांचं ज्ञानही तिथलंच असावं. "माज्या दाताच्यो उरलेल्यो," तो शांतपणे म्हणाला. "माका गुण इलो होतो."

दात त्याचा, डोस त्याचा, डुक्कर भावाचं.

डुकराला सणसणीत ताप होता. कातडीवर शंकरपाळ्यांसारखे लाल, उठलेले चौकोन. हा एरिसिपेलास, जंतूंचा आजार. हाताला जखम असली तर माणसालाही होतो. इथे अँटिबायोटिक लागतंच, पण नेमकं: पेनिसिलिन, वजनाप्रमाणे, पूर्ण कोर्स. अर्धवट डोसाने सगळे जंतू मरत नाहीत. चिवट तेवढे उरतात आणि पुढे त्या औषधाला जुमानत नाहीत.

"मारा मगे. शनिवारी कापतलंव," इनास म्हणाला.

"शनिवारी नाही चालणार. औषध मांसात उतरतं. ते निघून जाईपर्यंत थांबायचं. त्याला विड्रॉल पिरियड म्हणतात."

"मगे औषध नको. आजच कापतंव."

"आजारी जनावर पाहुण्यांना वाढणार?"

"उकळल्यार सगळा मरता," पेद्रू म्हणाला. "जहाजार आमी..."

"जहाजावर आजारी डुक्कर शिजवत होतात?"

तो समुद्राच्या दिशेने बघू लागला.

इनास पायरीवर बसला. गोव्याहून सोयरे येणार होते. सोरपोतेल नसलं तर ते वर्षभर बोलून दाखवणार, हे त्याला ठाऊक होतं. मला त्याचं वाईट वाटलं, पण सिरिंज भरण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

शेवटी रोझीन बोलली. "लगीन कोंब्यार जायत. लोकांका आजार वाढूक नको. मॅडम, तुमी औषध करा."

दुसऱ्या दिवशी डुक्कर पेज प्यायलं. लगेच पेद्रूचा फोन.

"मॅडम, आता येव नको. डुकर उठला. उगाच औषधां मारून अंग कित्याक खराब करूचा?"

काल हाय पॉवर हवं होतं, आज काहीच नको. मी गेले. नंतरही रोज जात राहिले. रोझीन फाटक उघडून उभी असायची, पेद्रू तेवढ्यात काही कामाला निघून जायचा.

लग्नात कोंबडीची शागुती, म्हणजे भाजल्या मसाल्याची आमटी, झाली. सोयरे दोनदोनदा वाढून घेत होते. पेद्रू कोट घालून टेबलाटेबलाशी सांगत फिरत होता, "आमच्यात औषधाचा मांस वाढनत नाय. प्रिन्सिपल आसा." लोक आदराने माना हलवत होते. इनासने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडा टाकला.

डुक्कर ठणठणीत बरं झालं. कोर्स पूर्ण करणारे पेशंट मला बहुधा चार पायांचेच भेटतात. बरं वाटू लागल्यावर त्यांना स्वतःचं मत नसतं.