अडखळत का होईना

कापड कापायच्या टेबलावर तिनं एकवीस वर्षं काढली. कारखान्यात तिला सगळे ‘मुकीबाई’ म्हणत. ती मुकी नव्हती, तोतरी होती. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथंच ठाण मांडायचा. लोक हसतील या धास्तीनं तिनं बोलणंच टाकलं होतं. तिच्या वाटचं बोलायला शेजारच्या टेबलावर तिची जाऊ होती, आणि जावेच्या तोंडाचा पट्टा दोघींना पुरून उरायचा.

त्या जावेचंच बोट एका दुपारी मशीनच्या पात्यात सापडलं. साहेबांच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा पडला. खरं तर काम भरभर उरकावं म्हणून मुकादमानं पात्यापुढची जाळी स्वतः काढली होती. हिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सोमवारी चौकशी होती आणि जाऊ दवाखान्यात. आता बोलणार कोण?

रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकांनी विचारलं, “कुणाला प्रार्थना करायची आहे?”

ती कधी उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. “प्र... प्र...” घाम फुटला. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. पाळकांनी तिचा शब्द पुरा केला नाही. मान खाली घालून ते थांबले, सगळी मंडळी थांबली.

“प्रभू, माझ्या ज-जावेला बरं कर. आणि म... मला खरं बोलू दे.”

बाहेर पडताना ती पाळकांना म्हणाली, “जीभ सु-सुटू दे म्हणून इतकी वर्षं मागतेय. सुटली न-नाही.”

“पण उभी राहिलीस की! देवाला काही घाई नव्हती. उद्या साहेबांनाही थांबू दे.”

चौकशीत तिनं हात वर केला. मुकादम हसला. “साहेब, हिचं ऐकायचं तर संध्याकाळ होईल!”

“हो-होऊ दे,” ती म्हणाली. “मी ब-बसते.”

मग तिनं सगळं सांगितलं. जाळी कुठल्या दिवशी काढली, कुठल्या पान्यानं काढली, आणि ती आता मुकादमाच्या कपाटामागं पडलीय. साहेब स्वतः उठून गेले. जाळी तिथंच सापडली.

कागदावरचा ठपका पुसला गेला, मुकादमाची खुर्ची गेली. दीड महिन्यानं जाऊ कामावर परतली.

पुढच्या वर्षी कामगारांनी सुरक्षा समितीवर हिला निवडून दिलं. पहिल्याच बैठकीत तिनं अर्धा तास घेतला, आणि कुणीही जागचं हललं नाही.