उजवा कोपरा

कबड्डीवर बोलताना माझा आवाज चढतो, हे मला मान्य आहे. माझी मुलगी खोलीतूनच सांगते, "मॉम, यू आर शाउटिंग." मी तिला सांगते की मी ओरडत नाहीये, मुद्दा मांडतेय. कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघातून खेळले, पुढे फिजिओथेरपी शिकले आणि आता कुवेतमधल्या जाब्रिया भागातल्या एका दवाखान्यात रोज लोकांचे गुडघे आणि घोटे हाताळते. त्यामुळे कुठल्या खेळाडूत किती दम आहे हे मला नुसतं बघून कळतं, असा माझा ठाम समज होता. हा समज गेल्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी साफ उतरला.

दर शुक्रवारी आम्ही पाच-सहा जण सलव्यातल्या एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात जमतो. दुकान चाचांचं. चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे, इथे तीस वर्षं काढलेले आणि कबड्डीचे इतके वेडे की गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी पकड समजावून सांगतील. नवरा मला दुकानापाशी सोडतो आणि मासळी घ्यायला जातो. त्याला या विषयात शून्य रस आहे, पण ताज्या पापलेटात भरपूर आहे, त्यामुळे आमचं बरं जमतं.

व्यावसायिक लीगचे संघ वर्षातून एकदा विद्यापीठांतून खेळणारी नवी मुलं निवडतात. गेल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली, मग त्याच्या वरचा, असं करत एकेक नाव उचललं जातं. त्या निवडीआधीचे तीन-चार शुक्रवार म्हणजे आमचा सण. कोण कुणाला उचलणार यावर प्रत्येकाने दहा नावांची यादी करायची, तीही ताकाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्या पाठीवर. मग चाचा त्यावर दुकानाचा खतम मारतात. खतम म्हणजे रबरी शिक्का. कुवेतमध्ये त्याच्याशिवाय कुठलाच कागद पुढे सरकत नाही, आणि चाचांच्या दुकानात खतम बसला की यादीत काना-मात्रेचाही बदल चालत नाही. पहिल्या वर्षी एकाने गुपचूप एक नाव खोडलं होतं. त्याला आम्ही अजून सुखाने चहा पिऊ देत नाही.

तर त्या शुक्रवारी वाद ऐन रंगात होता. पहिली पाळी ज्या संघाची, बचावातला त्यांचा डावा कोपरा भक्कम होता. मात्र उजव्या कोपऱ्यातला त्यांचा जुना खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने बसला होता. म्हणजे ते चढाईपटू घेणार की उजवा कोपरारक्षक, यावर आमच्यात दोन तट पडले. चाचा चढाईच्या बाजूचे. "लोक तिकीट काढून येतात ती चढाई बघायला, बाय. पाय धरून बसलेल्याला कोण बघतो?" मी म्हटलं, "चाचा, सामना कोण जिंकून देतं ते बोला." मी खोबऱ्याच्या पोत्यावर बसले होते ती उठून उभी राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, आता ताई उभ्या राहिल्या, जेवायची वेळ टळली.

आमच्यात एक दादा आहेत. कोकणातलेच, सुलैबियातल्या एका वर्कशॉपमध्ये पाइप वेल्डर. ते कधी यादी करत नाहीत, नुसते ऐकतात आणि सगळ्यांचे चहाचे कप गोळा करतात. पण त्या वर्षी त्यांचं आमच्यात येणं वेगळं होतं, कारण लीगने निवडीसाठी काढलेल्या यादीत त्यांचाच मुलगा होता. विद्यापीठाकडून खेळलेला कोपरारक्षक. आम्ही सगळे त्याला "आपला पोरगा" म्हणायचो आणि आपलाच असल्यामुळे त्याच्याबद्दल जरा जास्तच कडक बोलायचो.

त्याचा खेळ आम्ही पाहिला होता तो एकाच व्हिडिओत. विद्यापीठांच्या अंतिम सामन्याचा कुणीतरी टाकलेला, हलणारा, धूसर, पाठीवरचे आकडेही नीट न दिसणारा. पण त्यात पोराने केलेल्या तीन पकडी मी किमान वीस वेळा बघितल्या होत्या. सुंदर पकडी. माझं एकच दुखणं होतं की तो डाव्या कोपऱ्यात खेळत होता, आणि वरच्या पाळ्यांमधल्या एकाही संघाला डावा कोपरा नको होता. माझ्या यादीत तो नव्हता आणि यादीवर खतम बसून आठवडा झाला होता.

वाद जरा शांत झाल्यावर दादा माझ्याजवळ आले. हातात चार रिकामे कप होते. म्हणाले, "ताई, एक इचारू? खरं सांगा. उचलतील का त्याला?"

मी विचारलं, एकदम असं का? तेव्हा त्यांनी सांगितलं. कंपनीत हेल्परची एक जागा निघाली होती. मुलाच्या पासपोर्टची कॉपी त्यांनी मंदूबकडे, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं फिरवणाऱ्या माणसाकडे, देऊन ठेवली होती. रविवारी व्हिजाचं काम पुढे जाणार होतं. "निवड व्हायची असली तर मी थांबवतो. नायतर ही जागा परत मिळायची नाय. मी बोल्लो त्याला, ताईंना इचारतो. त्यांना कलतं त्यातलं."

आता इतक्या मोठ्या गोष्टीवर माणसाने सांगावं, की मला नाही माहीत. पण त्यांना कळतं त्यातलं, हे ऐकलं आणि मी फुगले. मी व्यवस्थित, मुद्देसूद सांगितलं की पोरगा चांगला आहे, पण डावा कोपरारक्षक या वर्षी कुणाला नकोय, तेव्हा कठीण आहे.

दादा म्हणाले, "पण तो उजव्या कोपऱ्यात खेलतो."

मी फोन काढून व्हिडिओ दाखवला. हा बघा, डावीकडे. ते म्हणाले, "दिसतो खरा. पण तो उजवाच हाय." चाचा म्हणाले, पोरालाच फोन लाव ना. लावला तर बंद. सराव शिबिरात संध्याकाळपर्यंत फोन काढून घेतात. मी म्हटलं, अंतिम सामन्यात प्रशिक्षकाने बाजू बदलली असेल, असं करतात. दादा मान हलवत राहिले. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझा आवाज चढलेला होता आणि दुकानातले सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "दादा, मी त्याचा खेळ वीस वेळा बघितलाय. तुम्ही त्याला मैदानात खेळताना एकदा तरी पाहिलंय का?"

त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं. इथे उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरची कामं बंद ठेवावी लागतात, म्हणून त्यांची कंपनी रजा देते ती तेव्हाच. गावाला त्या वेळी पाऊस असतो आणि मैदानं बंद. कबड्डी रंगते ती थंडीत, तेव्हा हे सुलैबियात पाइप जोडत असतात. मुलगा गावच्या संघातून विद्यापीठापर्यंत गेला आणि बापाने एक सामना पाहिला नाही. हे सगळं माहीत असताना मी ते वाक्य बोलले. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

दादा चिडले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवले, पोत्यावर बसले आणि डाव्या पायाची पँट वर केली. घोट्याच्या आतल्या बाजूला पिवळट पडत चाललेला डाग होता. नुकतेच ते रजेवरून आले होते. म्हणाले, "पावसात मैदान नसतं, तर तो पडवीत माझ्यावर सराव करतो. मी चढाईला जायचं, त्याने धरायचं. दर रजेला हाच पाय सुजतो, ताई. उजवा कधी नाय."

मी त्या घोट्याकडे बघत राहिले. चढाईपटू समोरून येतो, त्यामुळे त्याचा डावा पाय जवळ पडतो तो उजव्या कोपऱ्यातल्या रक्षकाला. हे मला शिकवायची गरज नव्हती. दिवसाला दहा घोटे बघणाऱ्या बाईला एका बापाच्या घोट्याने खोटं पाडलं होतं. पण मग व्हिडिओचं काय?

"आण इकडे," म्हणत चाचांनी माझा फोन घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला. पुढे-मागे करत त्यांनी एका जागी व्हिडिओ थांबवला. कॅमेरा क्षणभर वर गेला होता आणि प्रेक्षकांमागचा फलक अर्धाच दिसत होता. आम्हाला ती नुसती पुसट नक्षी वाटली होती. चाचा मात्र हसायला लागले. त्यांच्या दुकानाच्या काचेवरची पाटी गल्ल्यावरून उलटी दिसते आणि तीस वर्षं ते ती तशीच वाचत आलेत. "अगो बाय, हे उलटं हाय सगळं! ह्या बघ, 'विद्यापीठ' लिहिलंय, पाठीमागून." मग आम्हाला पंचाच्या उजव्या हातातलं घड्याळही दिसलं. परवानगीशिवाय टाकलेले सामन्यांचे व्हिडिओ साइटवाले हटवतात, ते ओळखू येऊ नयेत म्हणून टाकणारे लोक ते आरशातल्यासारखे उलटवून टाकतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण घरापासून इतक्या लांब बसून जे मिळेल ते बघणारे आम्ही, बघताना ते आठवलं कुणाला?

मग दुकानात जो गोंधळ उडाला तो काय सांगू. उजवा कोपरा! पहिल्या पाळीच्या संघाला हवा तोच! दोन जण फ्रीजवर चिकटवलेल्या आमच्या याद्या काढायला धावले, चाचा त्यांच्या आडवे आले की खतम बसलाय, हात लावायचा नाही. मी म्हटलं, चाचा, मी माझी यादी खाऊन टाकीन. खुबूस, म्हणजे इथली रोटी, घ्यायला आलेला एक गृहस्थ दारातूनच परत गेला. या सगळ्यात मी दादांपाशी गेले आणि म्हटलं, "चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं." ते म्हणाले, "व्हिडिओच उलटा, तुम्ही काय करणार?" मला व्हिडिओबद्दल म्हणायचं नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं होतं. त्यांनी तिथेच मंदूबला फोन लावला आणि मोडक्या अरबीत, मग हिंदीत सांगितलं, की बेटे का काम रोक दो. नहीं, बाद में भी नहीं.

"आणि नाही उचललं तर?" मी हळूच विचारलं. फोन खिशात ठेवत ते म्हणाले, "तरी तिथंच खेलू दे."

निवड पुढच्याच आठवड्यात झाली, इथल्या संध्याकाळी पाचला. मी दवाखान्यातून थेट दुकानात गेले. पहिल्या पाळीच्या संघाने चढाईपटू घेतला. चाचांनी माझ्याकडे इतक्या विजयी चेहऱ्याने बघितलं की मला ताकाची बाटली फेकावीशी वाटली. दुसरी पाळी गेली, तिसरी गेली. दादा उभेच होते, कुणी खुर्ची दिली तरी बसेनात. पाचव्या पाळीला त्यांच्या मुलाचं नाव आलं. मी किंचाळले, हे मी कबूल करते. चाचा ढसाढसा रडले आणि त्यांनी दादांना अशी मिठी मारली की मागची बिस्किटं घसरली. दादा टीव्हीच्या पडद्याकडे बघत होते.

जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, "ताई, ह्यांचे सामने कधी असतात?"

"हिवाळ्यात," मी म्हटलं.

दोन दिवसांनी ते दवाखान्यात आले. हातात कंपनीचा रजेचा फॉर्म होता, थंडीतल्या बिनपगारी रजेचा. इंग्रजीत भरून द्याल का, म्हणाले. रजेच्या कारणापुढे चौकोन होते: आजारपण, लग्न, मृत्यू, इतर. इथे सगळे आईला आजारी पाडतात, साहेब लोकांनाही ते ठाऊक असतं आणि रजा मिळते. मी म्हटलं, "आईचं आजारपण लिहू या. डॉक्टरच्या कागदाचं मी बघते."

"नको," ते म्हणाले. "तिच्या नातवाचं एवढं चांगलं झालंय, तिला कशाला आजारी पाडायची?"

मी 'इतर'वर खूण केली आणि पेन धरून थांबले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मराठीतच, माझ्या हाताकडे बघत, सावकाश सांगितलं, "लिहा. मुलगा कबड्डी खेलतो. बापाने बघितलेला नाय."