धवलारणीच्या हातचं गटार

आमच्या गल्लीत बंदिस्त गटार आहे. हे मी नाही म्हणत, वॉर्ड ऑफिसातली फाइल म्हणते. फाइलीत त्याच्यावर लाद्यासुद्धा टाकल्यात. प्रत्यक्षात तिथे एक उघडा चर होता आणि तो भरला की पाणी थेट आमच्या उंबऱ्यावरून आत यायचं. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला बसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गटारासाठी नव्हे. भिवंडीत तेव्हा कुणाच्या दारात धड गटार होतं? त्या मेल्या नगरसेवकाने गटाराबरोबर माझ्या आईचं जे नेलं, त्यासाठी.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आमची गल्ली निजामपुऱ्याच्या मागच्या अंगाला. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, मधे आमची आठ-दहा घरं आणि टोकाला कपडा रंगवायचा कारखाना. त्यांच्या हौदातलं पाणी सुटलं की चर भरून वाहायचा. आज लाल, उद्या निळा. सकाळच्या शिफ्टचे कामगार पँटी दुमडून जायचे, बायका साड्या खोचून. मी गल्लीतच बालवाडी चालवायचे. माझ्या पोरांच्या पायांवरचे फोड कधी बरे झालेले मला आठवत नाहीत.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी समाजात लग्न भटजीच्या आधी धवलारणीचं. हळद दळण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीला तिने धवला गायचा, देवांना, पितरांना आवतण द्यायचं. आईला शेकडो धवले तोंडपाठ होते. अक्षर एक वाचता यायचं नाही, पण कुठल्या घरात कुठला देव आधी, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. नवी लूम बसली, दुकान उघडलं, तरी नारळ फोडायला तिलाच बोलावणं.

त्या वर्षी मी अर्ज लिहिला. चराचा, फोडांचा, रंगाच्या कारखान्याचा, सगळ्याचा. घरोघर फिरून सह्या घेतल्या, अंगठे घेतले. अर्ज वरच्या साहेबांना द्यायचं ठरलं, आणि कुणकुण लागल्यासारखा नगरसेवक दुसऱ्याच दिवशी दारात. आमच्याच समाजातला माणूस. त्याच्या लग्नात धवले आईनेच गायलेले.

"मावशी, माझं लग्न तुझ्या हातनं झालं," तो म्हणाला. "गटाराचं कामही तुझ्याच हातनं सुरू करायचंय."

मांडव पडला, खुर्च्या आल्या. आईने नवं लुगडं नेसून चरापाशी कुदळीची पूजा केली, एका फटक्यात नारळ फोडला. फोटोवाल्याने फोटो काढले. शेजारचा लूमवाला भैया मला म्हणाला, "दीदी, चाची ने नारियल फोड़ दिया, अब तो नाली बन के रहेगी." सगळ्या गल्लीला तसंच वाटत होतं.

मी म्हटलं, तरीही अर्ज देऊन ठेवू. आई भडकली. "धवलारनीच्या हातचा नारल फुटला हाय. आता कागद दिलास तर देवावर अविश्वास केल्यासारका होईल. तो मानूस माघारी फिरनार नाय." आणि नुसतं मला सांगून थांबली नाही. घरोघर जाऊन सांगून आली की काम होणार, माझा शब्द. लोकांनी मानलं. मीही मानलं. शिकली-सवरलेली मी, अर्ज ट्रंकेत ठेवून दिला. त्या नारळाने नगरसेवक बांधला गेलाय असं आम्हाला वाटलं. बांधले गेलो होतो आम्ही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पावसाळा गेला, दुसरा गेला. कुदळीने उकरलेला हातभर खड्डा तेवढा राहिला, त्यात कुत्री लोळायची. शेवटी मी वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने फाइल काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "बाई, तुमचं काम तर कधीच झालंय." म्हटलं, कुठे झालंय, दाखवा. त्याने फाइल माझ्याकडे वळवली. काम पूर्ण, रहिवासी समाधानी. पुरावा म्हणून खाली फोटो चिकटवलेला. हातात नारळ घेतलेली माझी आई, हसतेय.

आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, हे ठाऊक होतं. पण पीठ आमच्याच जात्यातलं निघेल असं वाटलं नव्हतं. मी त्या कारकुनाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. तो बिचारा ऐकून घेत राहिला. त्याच्यावर ओरडून काही होणार नव्हतं, हे कळत होतं तरी ओरडले.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने पदर खोचला आणि भाताचं आधण ठेवलं. गल्लीलाही कळलं, आणि गल्ली बोलायला लागली. आधी कुजबुज, मग तोंडावर. फोटोला उभी राहिली म्हणजे हिलाही काही मिळालं असणार, असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, हाताचं यश गेलं. जिने आयुष्यभर कुणाच्या घरचा चहासुद्धा काम झाल्याशिवाय घेतला नाही, तिला हे ऐकावं लागलं.

आणि मग समोरच्या काकीच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. ही पोरगी आईच्या मांडीवर वाढलेली. आम्ही बोलावण्याची वाट पाहत होतो. बोलावणं आलं नाही. काकीने दिघाशीहून दुसरी धवलारीण आणली. हळदीच्या दिवशी समोरून तिचा आवाज येत होता आणि आई पाटावर बसून तांदूळ निवडत होती. निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतून पुन्हा निवडत होती. मी दार लावायला उठले, तर म्हणाली, "उघडा ऱ्हाऊ दे गो." त्या दिवशी त्या नगरसेवकाचा गळा धरावा असं मला वाटलं. आजही वाटतं.

वर्षभराने तोच दारात आला, हातात नारळ आणि पानसुपारी. त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि धवलारीण आईच हवी होती. गल्ली काही म्हणो, आईच्या हाताचं यश गेलं नव्हतं, गटार कुणी खाल्लं, हे त्यालाच तर ठाऊक होतं. कुणाला हवं असतं हो आपल्या लेकीच्या लग्नात अपयश? त्या दिवशी घरात घोटाभर निळं पाणी होतं. आईने मला पाट द्यायला लावला. तो पाटावर पाय वर घेऊन बसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धवलारणीने घर निवडायचं नसतं. वैऱ्याकडचं बोलावणं आलं तरी जायचं, कारण धवला नवरीसाठी असतो, तिच्या बापासाठी नाही. आईने हा नेम कधी मोडला नव्हता. मला खात्री होती, ही जाणार.

आई म्हणाली, "तुज्या लग्नात मी देवाकडं काय मागितला, ठाव हाय? याचा हात कायम भरलेला ठेव. देवानं ऐकला माजा. आता तुज्या पोरीसाठी काय मागू, तूच सांग."

"मावशी, राजकारण घरात आणू नको," तो म्हणाला. पाण्यात पाट तरंगायला आला होता आणि हा शहाणा म्हणतो, राजकारण घरात आणू नको!

"मी नाय येनार," आई म्हणाली.

तो उठला. धवलारीण काय एकच आहे का, असं काहीसं पुटपुटत पाण्यातून छपछप करत गेला. त्याला दुसरी मिळाली. लग्न थाटात झालं, पुढची निवडणूकही तो जिंकला.

पण त्या दिवशी मी आनंदाने नाचायची बाकी होते. आईसाठी चहा टाकला, म्हटलं, आता गल्लीला कळेल तू कोण ते. आईने चहा घेतला नाही. ती नुसती म्हणाली, "आता झाला."

"काय झालं?"

"एका घराला नाय बोलली. आता कुठल्या तोंडानं दुसऱ्याला हो बोलू?"

मी भांडले, रडले. त्या चोराला नाही म्हणणं वेगळं, असं शंभरदा सांगितलं. तिचं एकच, नवरीला नाही म्हटलं. नगरसेवकाला परत पाठवल्याचं गल्लीभर झालं, तशी समोरची काकी धाकट्या मुलीच्या लग्नाला रडत बोलवायला आली, पाया पडली. आईने तिला उठवून जवळ घेतलं, पण गेली नाही. मला त्या माणसाइतकाच तिचाही राग आला. तो चोर होता, तिने का स्वतःला शिक्षा करून घ्यायची?

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. धवले गायला दिघाशीची बाई आली. हळद लावायच्या वेळी ती एका ओळीवर अडली. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. सगळ्या बायकांनी आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. म्हटलं, आई, माझ्यासाठी तरी. तिला ती ओळ येत होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्या हाताला हळद लावत राहिली.